मतपत्रिकेवरचे दोन शब्द



आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी मला फोनवर विचारलं, "सर, हे तत्त्वज्ञानावरचं व्याख्यान आहे की निवडणुकीचं भाषण?" मी म्हटलं, दोन्ही नाही, इतिहास सांगणार आहे. कुठल्या पक्षाला मत द्या हे मी सांगणार नाही, तेव्हा त्या आशेने कोणी आलं असेल तर चहा घेऊन निघायला हरकत नाही. (हशा) प्रश्न साधा आहे. ज्याला नदीची, डोंगराची, जंगलाची खरोखर काळजी वाटते, अशा माणसाने मत द्यावं का? आणि द्यायचं, तर कसं द्यावं?

सुरुवात माझ्यापासून करतो. २०१७ साली आमच्या शहरात महापालिकेची निवडणूक होती. आमच्या भागात एक टेकडी आहे, आणि गेली तीस-पस्तीस वर्षं सकाळी मी तिथे फिरायला जातो. तिच्या उतारावर बांधकाम होऊ द्यायचं की नाही, हा वाद तेव्हा चालू होता. दारात जे जे उमेदवार आले त्या सगळ्यांना मी विचारलं. एकाचंही सरळ उत्तर नाही. एक जण तर म्हणाला, "सर, टेकडी काय पळून जातेय?" मला राग आला. मतदानाच्या दिवशी गेलो, 'नोटा'चं बटण दाबलं आणि ताठ मानेने घरी आलो. खरं सांगायचं तर बरं वाटलं. आपण कोणाच्या पापात नाही, असं वाटलं.

दोनेक वर्षांनी टेकडीच्या पायथ्याला पत्रे लागले. तेव्हा माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. टेकडीसाठी सह्या गोळा करणाऱ्यांत ती होती. ती म्हणाली, "सर, त्या निवडणुकीत एक बाई उभ्या होत्या. आमच्या निवेदनावर सही करणाऱ्या त्या एकट्याच उमेदवार. थोडक्या मतांनी पडल्या. तुम्ही कोणाला दिलं होतंत?" मी खरं ते सांगितलं. ती काही बोलली नाही. त्या बाई माझ्या दारात आल्या नव्हत्या, हे खरं. पण मीही चौकशी केली नव्हती. उमेदवारांची यादी मी पहिल्यांदा पाहिली ती मतदान यंत्रावर. आयुष्यभर मुलांना नीतिशास्त्र शिकवलं, आणि स्वतःच्या मताच्या बाबतीत मी एवढाही अभ्यास केला नव्हता.

त्या दिवसापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत त्यावर पुष्कळ लिहिलेलं आहे. लाखो मतांमध्ये माझ्या एका मताने काय होणार, हा तर जुनाच प्रश्न. पण मला त्या युक्तिवादांपेक्षा एका प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीने जास्त शिकवलं. ती गोष्ट आहे टास्मानियाची.

टास्मानिया म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं बेट, त्या देशाचं एक राज्य. डोंगराळ, पावसाळी मुलूख. पश्चिमेकडच्या नद्या दाट जंगलातून वाहतात. तिथे एक सरकारी खातं होतं, हायड्रो-इलेक्ट्रिक कमिशन. धरणं बांधायची, वीज करायची, विजेच्या जोरावर कारखाने आणायचे, कारखान्यांतून रोजगार. सरकार कुठल्याही पक्षाचं असो, राज्याचा खरा कारभार या कमिशनच्या हातात, असं लोक म्हणत. आपल्याला हे परकं वाटायला नको. १९२१ साली रामनवमीला आपल्या मुळशीत सत्याग्रह सुरू झाला तोही विजेच्या धरणाविरुद्धच. सेनापती बापटांचं नाव आपण त्यामुळेच घेतो. मुळशीचं धरण झालं. पण एक फरक ध्यानात ठेवा. मुळशी पेट्यातल्या मावळ्यांपैकी फार थोड्यांना तेव्हा मताचा अधिकार होता. त्यांच्यापुढे 'मत कोणाला द्यावं' हा प्रश्नच नव्हता. टास्मानियात प्रत्येक प्रौढ माणसाला मत होतं, इतकंच नव्हे तर ते देणं कायद्याने सक्तीचं होतं. ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय निवडणुकीत १९२४ पासून मतदान सक्तीचं आहे. घरी बसलात तर दंड.

तर, टास्मानियाच्या नैर्ऋत्येला लेक पेडर नावाचं सरोवर होतं. गुलाबी छटेच्या वाळूचा रुंद किनारा. १९५५ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळालेला. तरीसुद्धा १९६७ मध्ये ते बुडवणाऱ्या योजनेला मंजुरी मिळाली. ओलेगास ट्रुकानस नावाचे लिथुआनियातून आलेले छायाचित्रकार होते. त्यांनी सरोवराच्या पारदर्शिका होबार्टच्या टाऊन हॉलमध्ये पुनःपुन्हा दाखवल्या. लोक गर्दी करून बघायचे, डोळे पुसायचे. सह्या झाल्या, मोर्चे झाले. सरकार ढिम्म. मजूर पक्ष धरणाच्या बाजूचा, लिबरल पक्षही धरणाच्या बाजूचा.

मग मत कोणाला द्यायचं? यातून २३ मार्च १९७२ रोजी त्याच टाऊन हॉलमध्ये सभा झाली आणि युनायटेड टास्मानिया ग्रुप स्थापन झाला. जगातला पहिला हरित पक्ष म्हणून इतिहासकार त्याचा उल्लेख करतात. पुढच्याच महिन्यात निवडणूक. त्यांना मतं मिळाली ३.९ टक्के, जागा शून्य. मजूर पक्षाचे एरिक रीस प्रमुख झाले. धरणांच्या वेडापायी लोक त्यांना 'इलेक्ट्रिक एरिक' म्हणत. त्याच वर्षी पेडर बुडालं. पुढे केंद्र सरकारच्या चौकशी समितीने सांगितलं की पाणी थांबवा, खर्च केंद्र देईल. रीस यांनी नकार दिला.

इथे थोडं थांबू या. ही ३.९ टक्के मतं फुकट गेली का? सरोवराच्या हिशेबाने होय, फुकट गेली. पण त्या निवडणुकीतून जे काही माणसांचं जाळं उभं राहिलं, जो अनुभव मिळाला, तो पुढे दहा वर्षांनी कामी आला. मात्र हेही सांगितलं पाहिजे की आपण म्हणजे 'भविष्यात कामी येईल' असं म्हणून प्रत्येक पराभव गोड करून घेतो. पेडर अजूनही पाण्याखाली आहे. ज्यांनी तो किनारा पाहिला होता त्यांना नंतरच्या विजयाने भरपाई मिळाली नाही.

आता दुसरा अंक. १९७६ मध्ये बॉब ब्राऊन नावाचे एक डॉक्टर फ्रँकलिन नदीतून रबरी होडीने गेले. परत आल्यावर त्यांनी मित्रांसह टास्मानियन विल्डरनेस सोसायटी स्थापन केली. १९७९ मध्ये कमिशनने जाहीर केलं की फ्रँकलिन जिथे गॉर्डन नदीला मिळते त्याच्या खाली धरण बांधायचं. म्हणजे फ्रँकलिनची खालची दरी पाण्यात. मजूर पक्षाचे प्रमुख डग लो यांनी तोडगा काढला: फ्रँकलिन सोडून द्या, गॉर्डनवर वरच्या बाजूला, ओल्गा नदीच्या संगमाच्या वर, बांधा. वरिष्ठ सभागृहाने तो अडवला. लो यांना त्यांच्याच पक्षाने खाली खेचलं आणि नव्या सरकारने १२ डिसेंबर १९८१ रोजी जनमत घेतलं.

मतपत्रिकेवर पर्याय दोन. धरण इथे हवं की तिथे? 'धरण नको' हा तिसरा पर्याय ठेवलाच नाही. आता विचार करा, तुम्ही तिथे असता तर? मतदान तर करायलाच हवं. दोन्ही पर्याय अमान्य. कमी वाईट निवडायचं, की कोरी पत्रिका टाकायची? विल्डरनेस सोसायटीने सांगितलं: पत्रिकेवर दोन शब्द लिहा, 'नो डॅम्स', धरणं नकोत.

निकाल असा लागला. फ्रँकलिनखालच्या धरणाला सुमारे ४७ टक्के, ओल्गाच्या वरच्या धरणाला जेमतेम ८ टक्के, आणि बाद मतं सुमारे ४५ टक्के. एकूण मतदारांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांनी ते दोन शब्द लिहिले होते. कायद्याच्या भाषेत ती मतं बाद. पण जगात कोणीही त्यांना बाद मानलं नाही.

आता माझ्या 'नोटा'त आणि या बाद मतांत फरक काय? तिथेही लोकांनी सगळ्यांना नाकारलं, मीही नाकारलं. फरक हा की त्यांनी नाकारताना कारण लिहिलं, सगळ्यांनी एकच कारण लिहिलं, आणि ते लिहायचं हे महिनोन्‌महिने घरोघर जाऊन आधीच ठरवलं होतं. मी बटण दाबलं तेव्हा ते टेकडीसाठी होतं हे कोणाला कळलं? माझ्या शेजाऱ्याने रस्त्यातल्या खड्ड्यांसाठी दाबलं असेल, आणखी कोणी जातीच्या रागाने. यंत्रात सगळे एकत्र मिसळले. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने हा पर्याय आपल्याला दिला. नकाराचा अधिकार म्हणून त्याचं मोल मी कमी करत नाही. पण लोकसभा-विधानसभेत 'नोटा'ला कितीही मतं पडली तरी उरलेल्यांत पुढे असेल तोच निवडून येतो. २०२४ मध्ये इंदूरला 'नोटा'ला दोन लाखांहून जास्त मतं पडली, तरी निवडून येणारा निवडून आलाच. कारण न सांगता दिलेला नकार पुढारी पचवतात. त्यांना त्याची सवय आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि माझ्या मते खरी शिकवण पुढे आहे. कारण त्या ४५ टक्क्यांनी धरण थांबलं नाही! मे १९८२ मध्ये टास्मानियात निवडणूक झाली. दोन्ही मोठे पक्ष धरणवाले. लिबरल पक्षाचे रॉबिन ग्रे स्पष्ट बहुमताने आले. या गृहस्थांच्या लेखी फ्रँकलिन म्हणजे जळवांनी भरलेला तपकिरी चर. ब्राऊन स्वतः त्या निवडणुकीत उभे होते, पडले. म्हणजे ज्या राज्यात नदी होती त्या राज्यातल्या मतदारांनी, लोकशाही मार्गाने, नदीच्या विरोधात कौल दिला. हे सत्य आहे आणि ते झाकून चालणार नाही.

मग चळवळीने दोन गोष्टी केल्या. एक, डिसेंबर १९८२ पासून नदीवर नाकेबंदी. बाराशेंहून अधिक लोकांना अटक झाली. ज्या दिवशी ती सुरू झाली त्याच दिवशी, १४ डिसेंबरला, हा प्रदेश जागतिक वारशाच्या यादीत गेला. ब्राऊनही तुरुंगात गेले. जानेवारीत सुटले आणि लगेच राज्याच्या सभागृहात आमदार म्हणून बसले, कारण नॉर्म सँडर्स यांनी राजीनामा दिला होता आणि तिथल्या पद्धतीप्रमाणे जुन्याच मतांच्या फेरमोजणीतून ती जागा ब्राऊन यांना मिळाली.

दुसरी गोष्ट मतांची. ४ डिसेंबर १९८२ रोजी व्हिक्टोरिया राज्यात फ्लिंडर्स या मतदारसंघात राष्ट्रीय संसदेची पोटनिवडणूक होती. टास्मानियापासून समुद्रापलीकडे, मेलबर्नच्या बाजूला. चळवळीचे लोक तिथे गेले आणि म्हणाले, तुम्हाला ज्या पक्षाला मत द्यायचं त्याला द्या, क्रमांक नीट लिहा, आणि सोबत ते दोन शब्दही लिहा. सुमारे ४० टक्के पत्रिकांवर ते शब्द निघाले. आणि ही मतं बाद नव्हती! मतही मोजलं गेलं आणि म्हणणंही पोचलं. १९८१ मध्ये शब्द लिहायचे तर मत सोडावं लागलं होतं. वर्षभरात त्यांनी दोन्ही एकत्र साधायला शिकून घेतलं.

राष्ट्रीय पातळीवरच्या मजूर पक्षाने १९८२ च्या अधिवेशनात धरणाला विरोध करायचं आधीच ठरवलं होतं. आता त्या ठरावामागे किती मतं आहेत हे सगळ्यांना दिसलं. पंतप्रधान माल्कम फ्रेझर यांनी टास्मानियाला पन्नास कोटी डॉलर देऊ केले, की धरणाऐवजी कोळशावरचं वीजकेंद्र उभारा. ग्रे नाही म्हणाले. (कोळसा म्हणजे काही पुण्यकर्म नव्हे, हे आज कळतं. पण तेव्हाचा प्रश्न तेव्हाच्या नजरेनेच बघितला पाहिजे.) फ्रेझर राज्यावर जबरदस्ती करायला तयार नव्हते. मार्च १९८३ मध्ये राष्ट्रीय निवडणूक लागली.

इथे हरित मंडळींनी एक निर्णय घेतला जो त्यांच्यातल्या अनेकांना गिळवला नाही. लेक पेडर बुडवणारा पक्ष कोणता? मजूर पक्ष. टास्मानियात जनमतातून तिसरा पर्याय गाळणारा? मजूर पक्षच. आणि तरी त्यांनी सांगितलं की कनिष्ठ सभागृहासाठी, अटीतटीच्या मतदारसंघांत, मजूर पक्षाला मत द्या. वरिष्ठ सभागृहासाठी छोट्या डेमोक्रॅट पक्षाला द्या. वर्तमानपत्रांत पानभर रंगीत जाहिरात आली. धुक्यातल्या फ्रँकलिन नदीचं पीटर डोम्ब्रोव्हस्किस यांनी काढलेलं छायाचित्र, आणि खाली मतदाराला प्रश्न, की हे नष्ट करणाऱ्या पक्षाला तुम्ही मत देऊ शकाल का. हे डोम्ब्रोव्हस्किस म्हणजे पेडरच्या ट्रुकानस यांचे शिष्य. जानेवारी १९७२ मध्ये ट्रुकानस गॉर्डन नदीत बुडून गेले, तेव्हा त्यांचा देह शोधून काढणाराही हाच शिष्य.

५ मार्चला बॉब हॉक यांचा मजूर पक्ष जिंकला. नव्या सरकारने कायदा केला. टास्मानिया सरकार न मानता कोर्टात गेलं. १ जुलै १९८३ रोजी ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयाने निकाल दिला, की आंतरराष्ट्रीय करार पाळण्यासाठी केंद्राला हे धरण थांबवता येतं. सातपैकी चार न्यायाधीश बाजूने, तीन विरुद्ध. एका मताने काय होतं असं विचारणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा. फ्रँकलिन आजही वाहते आहे.

आणि आता यातला काटा. त्याच ५ मार्चला टास्मानियातल्या पाचही जागा लिबरल पक्षाकडे गेल्या. नदी वाचवली ती मेलबर्न-सिडनीच्या मतदारांनी, ज्यांतल्या बहुतेकांनी ती फक्त छायाचित्रात पाहिली होती. होबार्टचा, क्वीन्सटाऊनचा कामगार म्हणत होता, की रोजगार आमचा जातोय आणि निर्णय तुम्ही घेताय. यात काहीच तथ्य नाही का?

हा प्रश्न आपल्या फार जवळचा आहे. मुंबई-पुण्याचा माणूस सुट्टीत कोकणात जातो, सड्यावरची फुलं बघतो आणि म्हणतो, इथे काही होऊ देऊ नका. कोकणातला मुलगा बारावी करून मुंबईची गाडी धरतो. त्याच्याशी बोलल्याशिवाय मी पुण्यात बसून कोकणासाठी मत द्यावं, हे मला तत्त्वतः पटत नाही. पण नदी ही फक्त आजच्या काठावरच्या माणसांची असते, हेही पटत नाही. पुढच्या पिढीला आज मत नाही. माशाला नाही, झाडाला नाही. तेव्हा माझ्यापुरतं उत्तर असं आहे: दूरच्या मतदाराला अधिकार आहे, पण किंमत मोजण्याच्या अटीवर. फ्रँकलिननंतर टास्मानियाला केंद्राने भरपाई दिली. नुसतं 'नको' म्हणायचं आणि बिल दुसऱ्याच्या नावावर फाडायचं, हा हरितपणा नाही.

हे जिथे विसरलं जातं तिथे काय होतं ते केरळात दिसलं. पश्चिम घाटावर माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये आला, त्यानंतर २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीचा. इडुक्कीच्या डोंगरातल्या शेतकऱ्यांना वाटलं, आपलं घर-शेत जाणार. ते समजावून सांगायला त्यांच्यापर्यंत पुरेसं कोणी गेलं नाही, गेले ते विरोध करणारे. तिथले खासदार पी. टी. थॉमस गाडगीळ अहवालाच्या बाजूने उभे राहिले. २०१४ मध्ये काँग्रेसने त्यांना तिथली उमेदवारी दिली नाही. आणि अहवालविरोधी चळवळीतून आलेले, डाव्यांच्या पाठिंब्याचे अपक्ष पन्नास हजारांवर मताधिक्याने निवडून आले. देशभरच्या सभांतून घाटासाठी हळहळणारे आपण सगळे त्या वेळी कुठे होतो? ज्याने बाजू घेतली त्याला किंमत मोजावी लागली, आणि घ्यायला सांगणाऱ्यांपैकी कोणी त्याच्या पाठीशी दिसलं नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पूर आला, दरडी कोसळल्या, तेव्हा पुन्हा गाडगीळ अहवालाची आठवण निघाली.

आता आपल्याकडे एक दुसरी परंपराही आहे, आणि ती थोर आहे. विनोबांची. सत्तेच्या राजकारणापासून दूर राहा, लोकांची शक्ती उभी करा. चिपकोतले चंडीप्रसाद भट्ट, सुंदरलाल बहुगुणा हे सर्वोदयातूनच आलेले. त्यांनी निवडणूक न लढवता हिमालयातली झाडं वाचवली. केरळातली सायलेंट व्हॅली घ्या. फ्रँकलिनच्याच काळातली लढाई, तिथेही राज्य सरकारला धरण हवं होतं, तिथेही केंद्राने थांबवलं, आणि १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. तिथे त्या प्रश्नावर निवडणूक झाली नाही. शास्त्रज्ञ, शिक्षक, कवी यांनी जनमत तयार केलं आणि इंदिरा गांधींनी ते ऐकलं. मग मतांच्या भानगडीत पडायचं कशाला, असं कोणी विचारेल.

माझं म्हणणं असं. ऐकणारा सत्तेवर असेल तर हा मार्ग चालतो. नसेल तर? ऐकणारा कोण असावा हे ठरवण्याची जागा मतदान केंद्र हीच आहे. आणि पक्षापासून अंतर ठेवणं वेगळं, मतापासून अंतर ठेवणं वेगळं. मी २०१७ मध्ये या दोन्हींची गल्लत केली.

मॅक्स वेबर यांनी १९१९ मध्ये म्युनिकच्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणात दोन नीती सांगितल्या होत्या. एक, माझी निष्ठा शुद्ध राहिली पाहिजे, परिणाम काही होवो. दुसरी, माझ्या कृतीच्या परिणामांना मी जबाबदार आहे. मी वर्गात हे वीसेक वर्षं शिकवलं. पण पुष्कळदा लोक याचा अर्थ असा करतात की पहिली भाबडी आणि दुसरी शहाणी. वेबर यांचं म्हणणं असं नव्हतं. राजकारणाला दोन्ही लागतात. १९८१ ची बाद मतं नसती तर १९८३ ची हिशेबी मतं कशाला वजनदार ठरली असती? आणि १९८३ चा हिशेब केला नसता, तर ती बाद मतं फोटोत राहिली असती.

मात्र टास्मानियाची नक्कल करून चालणार नाही. तिथे मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो. पहिली पसंती छोट्या हरित पक्षाला दिली आणि तो बाद झाला, तर मत दुसऱ्या पसंतीकडे सरकतं, वाया जात नाही. आपल्याकडे आणि अमेरिकेत तसं नाही. २००० साली फ्लोरिडात जॉर्ज बुश ५३७ मतांनी पुढे राहिले आणि अध्यक्ष झाले. तिथे हरित पक्षाच्या राल्फ नेडर यांना ९७ हजारांहून अधिक मतं होती. हरलेले अल गोर म्हणजे हवामानबदलावर पुस्तक लिहिलेला माणूस! त्या ९७ हजारांना दोष द्या असं मी म्हणत नाही, त्यांतले कित्येक गोर यांना मत देणारे नव्हतेच. पण मोजणीची पद्धत न बघता मत देणं म्हणजे खोली न बघता डोहात उतरणं.

दुसरा फरक, आपल्या यंत्रावर शब्द लिहिता येत नाहीत. मग ते दोन शब्द लिहायचे कुठे? मतदानाच्या आधी लिहायचे. पर्यावरणाच्या जनसुनावणीत लिहायचे, तिची तरतूद २००६ च्या अधिसूचनेत आहे, आणि बहुतेक वेळा खुर्च्या रिकाम्या असतात. ग्रामसभेत लिहायचे. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बारा ग्रामसभा झाल्या, बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला, आणि खाण झाली नाही. आपल्या गडचिरोलीत मेंढा-लेखाने 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणत २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. ही पाच वर्षांतून एकदा दिलेली मतं नव्हेत.

आणि निवडणुकीत मिळालेला शब्द नंतर सांभाळावाही लागतो. नाणारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प २०१९ च्या लोकसभेच्या तोंडावर युतीच्या बोलणीत मागे घेतला गेला. लोकांना वाटलं जिंकलो. काही वर्षांत तोच प्रकल्प त्याच राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर आला, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणाच्या वेळी आंदोलकांची धरपकड झाली. टास्मानियातही असंच. १९८९ मध्ये पाच हरित अपक्ष निवडून आले, त्यांच्या पाठिंब्यावर मजूर पक्षाचं सरकार आलं, दीडेक वर्षात समझोता मोडला. १९९८ मध्ये दोन मोठ्या पक्षांनी मिळून सभागृहच ३५ चं २५ केलं आणि हरितांच्या जागा चारावरून एकीवर आल्या. ते पुन्हा ३५ व्हायला २०२४ उजाडलं.

तर समारोप करतो, वेळ झाली. मी काय करणार ते सांगतो, तुम्हीही तेच करावं असा आग्रह नाही. उमेदवारांची यादी लागली की ती मी घरी आणून वाचणार. जे दारात येतील त्यांना विचारीनच, पण जे येणार नाहीत त्यांच्याकडे मी जाणार. एकटा नाही, टेकडीवर फिरणारे आम्ही तीस-चाळीस जण मिळून. प्रश्न एकच विचारायचा आणि उत्तर लेखी घ्यायचं. चार प्रश्न विचारले की उमेदवार सोपा तेवढा उचलतो. जिंकण्याजोग्यांत ज्याचं उत्तर त्यातल्या त्यात बरं, त्याला मत. कोणाचंच उत्तर नसेल तर 'नोटा', पण मग का दाबलं ते सगळ्यांनी मिळून जाहीर सांगायचं. आणि ज्याने आपल्यासाठी सही केली तो पडला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जायचं.

त्या बाईंच्या घरी मी गेलो होतो. फार उशिरा, तीन वर्षांनी. त्यांनी चहा दिला. मी काय केलं होतं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो सर, मी तुमच्या दारात यायला हवं होतं. पण मला वाटलं, तुमच्यासारखी माणसं काही मतदानाला जात नसतील." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या पुन्हा उभ्या राहणार आहेत की नाही, माहीत नाही. राहिल्या तर या वेळी यादीतलं त्यांचं नाव मला मतदान यंत्रावर शोधावं लागणार नाही.

आता प्रश्न विचारा, आणि जरा मोठ्याने विचारा, मला एका कानाने कमी ऐकू येतं.